पूर्ण कागदांची ट्रॉली

अंबरनाथ पश्चिमेस राहणारे श्री. हेमचंद्र उबाळे, वय बेचाळीस, शिक्षण आयटीआय फिटर, यांनी सन १९९४च्या मार्च महिन्यात, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना, आपली गाडी कायद्याने चालवायची असं ठरवलं. त्यांच्या घराण्यात यापूर्वी कोणाला वेड लागल्याचं ऐकिवात नाही. मी शेजारी आहे, असतं तर मला कळलं असतं.

मी म्हणजे जयदेव शेजवळ, एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन व्हायची आहे. आमच्या कॉलनीत कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाच्या नळाला पाणी आलं नाही, की अर्ज मी लिहितो. पैसे घेत नाही. पण माझ्या मसुद्यातला शब्द कोणी इकडचा तिकडे केला तर त्याच्या घरचा चहा मी वर्षभर घेत नाही. ‘सबब विनंती की’ हे तीन शब्द नेमके कुठे टाकायचे हे या तालुक्यात फार थोड्यांना कळतं, आणि त्यातला एक गेल्या वर्षी वारला.

हेमचंद्रचा कारखाना बंद पडला तेव्हा जे काय हातात आलं त्यातून त्याने एक जुनी पिकअप घेतली. सिमेंटच्या गोण्या, लग्नाची भांडी, बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून गिरणीला येणारं भात, असलं काहीबाही वाहायचा आणि घर चालवायचा. फिटर माणूस, डोकं स्वस्थ बसू देईना. आता आमच्या भागातली परिस्थिती अशी की मोटार बंद पडते बदलापुरात आणि तिचा डॉक्टर बसतो उल्हासनगरात. मधलं अंतर तिने दोरीने कापायचं. पुढे कोणाची तरी जीप, मागे दोरीला बांधलेली मोटार, आणि मोटारीत स्टेअरिंग धरून देवाचा धावा करणारा मालक. जीप थांबली की मोटार जाऊन तिच्यावर आदळते, म्हणजे एका दुरुस्तीच्या दोन होतात. गॅरेजवाल्यांची त्याला अजिबात हरकत नव्हती.

हेमचंद्रला मात्र ते बघवेना. त्याने कागदावर एक चित्र काढलं. दोन चाकांची लांब ट्रॉली, मागे उतरतं फळकूट, त्यावरून मोटार वर चढवायची, चाकं साखळीने बांधायची, आणि पिकअपच्या मागच्या हुकात ट्रॉली अडकवून आरामात न्यायची. चित्र घेऊन तो उल्हासनगर कॅम्प एकला टेकचंदशेठच्या गॅरेजवर गेला. मीही गेलो, कारण चहा मिळणार होता.

टेकचंदशेठने चित्र उलटंसुलटं पाहिलं. “साईं, आयडिया एक नंबर! ट्रॉली मी बनवून देतो, फर्स्ट क्लास. माझ्या गॅरेजला येणारी सगळी मोटार तूच उचल. पण दसऱ्यापर्यंत रोडवर आण. नंतर मी जीपवाल्याशी वर्षाचं बोलणार, मग माझ्याकडे रडायला नाय यायचं.”

“आणतो ना,” हेमचंद्र म्हणाला. “फक्त आधी पासिंग करून घेतो. ट्रॉलीचं, आणि पिकअपवर ट्रॉली ओढायची परवानगी चढवून.”

शेठने चहा बाजूला ठेवला. “लायसन? ट्रॉलीला? अरे वेडा झाला काय! गाईच्या मागून वासरू जातं, त्याचं लायसन कोण बघतो?”

“शेठ, गाय तुमची असली की वासराचं कोणी विचारत नाही. माझी असली की पहिलं वासराचंच विचारतात.”

शेठने चित्र घडी करून खिशात टाकलं. परत येताना हेमचंद्र मला म्हणाला, “जयदेवभाऊ, आपल्या माणसाचा कागद दुसऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त पक्का पाहिजे. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून मी बेकायदेशीर ट्रॉली ओढू?” राज्यघटना वेगळी आणि मोटार वाहन कायदा वेगळा, हे मी त्याला समजावणार होतो. पण माझाही ऊर भरून आला होता. “अर्ज मी लिहितो,” मी म्हणालो. इथेच सगळं बिघडलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट विचारेपर्यंत चालते. विचारलं, आणि तेही लेखी विचारलं, की ती नियमात बसत नाही असं आढळून येतं.

शेठची ट्रॉली तयार झाली आणि आम्ही वाहन कार्यालयात गेलो. सात नंबरच्या खिडकीवर भगवानराव नावाचे लिपिक होते. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि मान वर करून आधी मला पाहिलं. “मसुदा तुमचा? वा! ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ किती दिवसांनी वाचलं.” मग हेमचंद्रकडे वळून म्हणाले, “पण हे होणार नाही.”

“का हो?”

“रकानाच नाही. स्कूटर आहे, मोटारकार आहे, टॅक्सी, ट्रक, बस, ट्रॅक्टर, ट्रॅक्टरची ट्रॉली. मोटार वाहून नेणारी ट्रॉली, ओढणार पिकअप, असा रकाना नाही.”

“खाली ‘इतर’ दिसतंय की,” मी म्हणालो. मी काय काल लागलो होतो नोकरीला?

“आहे. पण ‘इतर’ भरला. दहा ओळी होत्या. दोन रोडरोलर आणि एक सर्कस, संपलं. नवीन वही मागवली आहे.”

“कधी मागवली?”

“मी नोकरीला लागायच्या आधी,” भगवानराव म्हणाले. त्यांचे केस पांढरे होते.

तरीही माझ्या मसुद्याचा मान राखून त्यांनी मार्ग काढला. ट्रॉली पासिंगच्या मैदानावर आणून दाखवायची, मग साहेब बघून वर्ग ठरवतील. हेमचंद्र खूश झाला. म्हणाला, उद्याच पिकअपला जोडून आणतो. भगवानरावांनी पेन खाली ठेवलं.

“जोडून कशी आणाल? पिकअपवर ट्रॉली ओढायची परवानगी कुठे आहे?”

“ती द्या ना मग.”

“देऊ. ट्रॉलीचं पासिंग झालं की लगेच देऊ.”

“आणि पासिंग?”

“ट्रॉली इथे आली की लगेच.”

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, काका, बाहेर झाडाखाली एजंट आहे, त्याच्याकडून ट्रॉली न आणताच पासिंग होतं. हेमचंद्रने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा रांग सोडून गेला. शेवटी मीच माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून प्रश्न काढला. “भगवानराव, ओढणाऱ्याला इंजिनच नसेल तर?”

“म्हणजे?”

“बैल.”

भगवानराव बराच वेळ नियमावली चाळत होते. “बैल आमच्या खात्यात येत नाही,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडं वाईट वाटल्यासारखं होतं.

बारवीकडच्या पाड्यावरच्या सोमाचं भात हेमचंद्र गिरणीला आणायचा, तेवढी ओळख. सोमा तपासणीच्या आदल्या दिवशी पाड्यावरून बैल चालवत घेऊन आला. टेकचंदशेठने ट्रॉलीला हार घातला, नारळ फोडला, आणि कॅम्प एकच्या बाजारातून ती चकचकीत निळी ट्रॉली ओढत दोन बैल निघाले. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. कुठल्या पक्षाची मिरवणूक आहे म्हणून दोघांनी विचारलं. रस्त्यात पोलीस लागले, पण एकानेही अडवलं नाही, आणि अडवलं असतं तरी आमचं काही वाकडं झालं नसतं. मी सांगतो, त्या दिवसाइतकं कायदेशीर मी पुन्हा कधी चाललो नाही.

मैदानावर निरीक्षक साहेब आले. त्यांनी छापील नमुना काढला. नमुना छापील असला की समोर काय आहे हे बघण्याची गरज राहत नाही, हे मी स्वतः खात्यात राहून शिकलो आहे.

“ओढणाऱ्या वाहनाचं नाव?”

“तांबड्या नि ढवळ्या,” सोमा म्हणाला.

“पुढचे दिवे?”

सोमाने दोन्ही बैलांची तोंडं उचलून दाखवली. “चारी डोलं धड हायत सायब.”

“ब्रेक?”

सोमाने कासरा ओढला. बैल आधीपासूनच उभे होते, ते उभेच राहिले. साहेबांनी ‘ब्रेक समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी कागद हातात आला. हेमचंद्र तो कपाळाला लावून उघडायला गेला, आणि त्याचा चेहरा पडला. वाहनाचा वर्ग: शेती अवजार. ओढण्याचे साधन: बैल, नग दोन. आम्ही धावत सात नंबरच्या खिडकीवर गेलो.

“बरोबर आहे,” भगवानराव म्हणाले. “बैल ओढतात ते शेतीचं. साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.”

“पण मला पिकअपने ओढायची आहे!”

“शेतीची ट्रॉली पिकअपने ओढता येत नाही. ट्रॅक्टर लागतो.” मग आवाज खाली आणून, आपलेपणाने म्हणाले, “एवढं काय त्यात? पिकअपचा ट्रॅक्टर करून घ्या. वर्ग-बदलाचा अर्ज असतो. हे शेजवळ आहेत ना तुमच्याकडे.”

खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. वर्ग-बदलाचा अर्ज मी तोवर लिहिला नव्हता. रात्री मन लावून साडेतीन पानी लिहिला. ‘सदर पिकअप ही मूलतः शेतीकडे कल असलेली असून’ हे वाक्य मला आजही आवडतं.

आता यात एक बारीकशी अडचण झाली. पिकअपचे मूळ कागद अर्जासोबत कचेरीत जमा झाले. कागद जवळ नाहीत म्हणून हेमचंद्र पिकअप रस्त्यावर काढेना. सिमेंट बंद, भात बंद, लग्नाची भांडी दुसऱ्या टेम्पोने जायला लागली. पिकअप कॉलनीच्या मैदानात उभी, ट्रॉली शेठच्या गॅरेजमध्ये उभी. त्याची बायको रखमा हिने उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून पँटी आणल्या. शिवलेल्या पँटीचे लोंबणारे दोरे कापून द्यायचे, नगावर मजुरी. मी गेलो की दारातच निळ्या पँटींचा ढीग असायचा आणि त्याच्यामागून रखमाचा आवाज यायचा.

“या भावजी, या. आज काय नवीन लिवलं?”

“वर्ग-बदलाचं स्मरणपत्र, वहिनी. दुसरं.”

“लिवा, लिवा. तुमच्या अर्जांनी घर भरलं, आता डबे तेवढे भरायचे राहिले.” कात्री जोरात वाजायची. मग ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, “अहो, सगळं गाव दोरीने ओढतंय. एकाला तरी फासावर दिलं का कोणी?”

हेमचंद्र फक्त एवढंच म्हणायचा, “एक खेप कायद्याने होऊ दे रखमे. एक खेप झाली की कोणाच्या बापाला भ्यायचं नाही.” त्याच्या गालाची हाडं दिसायला लागली होती. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तिसऱ्या स्मरणपत्राची सुरुवात घोळत होती.

जुलैत उत्तर आलं. सदर वाहन ट्रॅक्टर असल्याबाबत प्रत्यक्ष शेतात नांगरणी चाचणी देण्यात यावी. शेत कोणाचं? सोमाचं. दिवस ठरला, निरीक्षक साहेब गमबूट घालून बांधावर उभे राहिले, आणि हेमचंद्रने त्या एका दिवसाच्या लेखी परवानगीवर आणलेली पिकअप चिखलणीच्या खाचरात घातली. मागे सोमाचा नांगर बांधला होता. पिकअप दहा हात गेली, थरथरली, आणि दरवाज्याच्या कडीपर्यंत बसली. मागची चाकं गरगर फिरून चिखल उडाला तो साहेबांच्या चष्म्यावर.

“काय करू साहेब?” हेमचंद्र खिडकीतून ओरडला.

“जे चाललंय ते चालू द्या,” साहेब चष्मा पुसत म्हणाले.

शेवटी सोमाने तांबड्या आणि ढवळ्याला जुंपलं. बैलांनी पिकअपला ओढून बांधावर आणलं, नांगर मागोमाग आला, आणि त्याने वाटेत थोडीशी जमीन खरोखर नांगरली. साहेबांनी नमुन्यात लिहिलं: वाहन शेतात उतरले. नांगरणी झाली. वाहन शेताबाहेर आले. सबब ट्रॅक्टर म्हणून पास. त्यांचा ‘सबब’ चुकीच्या जागी होता, पण मी बोललो नाही.

आनंद दोन दिवस टिकला. ट्रॅक्टर हा शेतकऱ्याच्याच नावावर असतो, तेव्हा शेतकरी असल्याचा दाखला जोडावा, अशी टीप आली. हेमचंद्रच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर कुंडीएवढी जमीन नव्हती. आम्ही सोमाला घेऊन तलाठ्याकडे गेलो. म्हटलं, सोमाच्या जमिनीत वाटेकरी म्हणून नाव लावू.

तलाठ्याने दप्तर काढलं. “सोमाच्या नावावर जमीन कुठली? तिथे तर जंगल आहे.”

“जंगल कुटं हाय सायब?” सोमा म्हणाला. “माझा आजा तिथं भात लावत व्हता, बा लावत व्हता, मी लावतो. परवा तुमच्याच मोठ्या सायबासमोर गाडी बुडाली तिथं.”

“दप्तरात जंगल आहे. तू शेतकरी नाहीस.” तलाठी हे रागाने बोलले नाहीत, समजावून बोलले. मग हेमचंद्रचे कागद बघता बघता त्यांचा आवाज बदलला. “उबाळे, तुमच्याकडे शेतीची ट्रॉली आहे? ट्रॅक्टरही पास झालाय? मग तुम्ही आहातच की शेतकरी!” आणि शिक्का मारला.

थोडक्यात, हेमचंद्र शेतकरी, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर. आणि पिकअप ट्रॅक्टर, कारण तिचा मालक शेतकरी. सोमा बाहेर पायरीवर बसला. “मंग माजं काय?” त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तुझाही एक अर्ज लिहू कधीतरी. तो हसला नाही. हेमचंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाखला घडी करून खिशात टाकला, पण तो नेहमीसारखा कपाळाला लावला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सगळे कागद परत मिळाले. त्यावर एक अट टंकलेली होती: सदर ट्रॉलीतून फक्त शेतमाल वाहून नेता येईल. तोवर दसरा पंधरा दिवसांवर आला होता. भगवानराव निवृत्त व्हायला आले होते, मायाळू झाले होते. म्हणाले, “माल कुठला ते मालवाहकाने स्वतः जाहीर करायचं असतं. आम्ही पोती फोडून बघत नाही.”

“म्हणजे मी मोटारीला भाजी म्हणू?” हेमचंद्रने विचारलं.

“मी असं म्हटलं नाही. मी नियम सांगितला.”

त्या संध्याकाळी हेमचंद्र माझ्याशी पहिल्यांदा भांडला. “जयदेवभाऊ, खोटं लिहायचं असतं तर मार्चमध्येच एजंटकडे गेलो नसतो? इतके महिने बायकोने दोरे कापले ते याच्यासाठी?”

“खोटं कुठे आहे?” मी म्हणालो. “बैलांनी पास झालेली ट्रॉली, चिखलात बुडालेला ट्रॅक्टर, जमीन नसलेला शेतकरी. हे सगळं शिक्क्याने खरं झालं. मग त्यावर ठेवलेली मोटार तेवढी कशाला खोटी पाडतोस?” मला माझंच बोलणं नंतर रात्रभर बरं वाटलं नाही, पण तेव्हा जिंकलो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पालेगावच्या रस्त्यावर एका डॉक्टरांची पांढरी मोटार बंद पडली, ती टेकचंदशेठच्या गॅरेजला न्यायची होती. हेमचंद्रने ती फळकुटावरून वर घेतली, चारी चाकं साखळीने बांधली, मागे लाल फडका लावला. जाहीरनामा मी लिहिला: भोपळा, पांढरा, नग एक, वजन अंदाजे नऊ क्विंटल. रखमाने पिकअपला कुंकू नाही, पण झेंडूचा हार घातला आणि बुद्धवंदना म्हटली. आम्हा कॉलनीतल्या लोकांना दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्याच्या आदल्या दिवशी पहिली खेप, म्हणून सगळे बाहेर उभे होते. मी मागून स्कूटरवर निघालो. मोटार अशी निवांत चालली होती की मला झोप यायला लागली.

अंबरनाथ सोडून उल्हासनगरात शिरतो तिथे हवालदाराने शिटी मारली. त्या आधी पाच मिनिटांत त्याच्या समोरून दोरीने बांधलेल्या दोन मोटारी गेल्या होत्या. एकीचं चाक त्याच्या पायावरून जाता जाता राहिलं होतं.

“कागद?”

हेमचंद्रने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चौदा कागद काढले. हवालदार एकेक बघत गेला. जाहीरनाम्याशी थांबला, मोटारीकडे पाहिलं. “भोपळा. ठीक आहे,” तो म्हणाला. त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिलं असणार. “विमा?” दिला. “वाहनकर भरल्याची पावती?” दिली. “ट्रॉलीच्या मागच्या दिव्याचा दाखला?” तोही दिला. हवालदाराचा हात हवेत राहिला. त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून मोजले, आणि त्याला घाम फुटला.

“यात काही कमी नाही?”

“नाही साहेब.”

“एकही नाही?”

“नाही.”

“वीस वर्षं उभा आहे मी इथे,” हवालदार म्हणाला. “पूर्ण कागद मी बघितला नाही. मंत्र्याच्या गाडीचाही नाही. नाव काय म्हणालास?”

“हेमचंद्र उबाळे.”

“उबाळे म्हणजे?”

“म्हणजे उबाळे.”

हवालदाराने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “काहीतरी मोठं असल्याशिवाय माणूस एवढे कागद करत नाही. गाडी बाजूला घे.”

“पण साहेब, माझा गुन्हा काय?”

“तोच तर सापडत नाही ना!” हवालदार वैतागून ओरडला. “गुन्हा असता तर समज देऊन सोडला असता. काहीच नाही, मग सोडू कशावर?” त्याने वहीत लिहिलं: कागदपत्रे संशयास्पदरीत्या पूर्ण. वाहन, ट्रॉली व भोपळा जप्त. मग वर न बघता त्याने विचारलं, “हे अर्ज कोणी लिहिले? हात सराईत दिसतोय.”

तोवर गर्दी जमली होती. मी स्कूटर लावून पुढे आलोच होतो. हेमचंद्रने मान वळवली आणि गर्दीत त्याला मी दिसलो. नीट दिसलो, आमची नजर मिळाली. मला वाटलं आता बोलतो. मी सरकारी नोकर, पेन्शनला दोन वर्षं.

“मीच लिहिले,” तो म्हणाला.

मी एक पाऊल मागे सरलो आणि तुमच्या पाठीमागे उभा राहिलो. होय, तुमच्याच. तुमच्या हातात दसऱ्याच्या झेंडूची पिशवी होती आणि तुम्ही टाचा उंच करून बघत होता. पुढे काय झालंय ते तुम्ही कोणाला विचारलं नाहीत. शेजारच्याला म्हणालात, “काहीतरी केलं असणार हो. उगाच कोण पकडतं?”

तुम्ही फार मोठ्याने बोलला नाहीत, पण हेमचंद्रला ते ऐकू गेलं. सात महिने तो खिडक्यांपुढे उभा होता, एकाही खिडकीपुढे त्याची मान मी खाली गेलेली पाहिली नव्हती. तेव्हा गेली. त्याने चौदाही कागद हवालदाराच्या हातात दिले, पिशवीसकट.

मला लाज वाटली. फार वाटली. तुम्ही माझ्याकडे वळून, “काय हो, बरोबर ना?” असं विचारलंत तेव्हाही वाटतच होती. मी “बरोबर आहे” म्हणालो.